काही दगडांचे तुकडे

२०२४ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा लंडनला गेले. हौसेने नाही. बाजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तिच्या मुलांना रजा मिळत नव्हती, आणि घरात जेवणखाण बघायला कोणीतरी हवं होतं. आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांत कोणाचं माणूस कुवेतला, कोणाचं साउथ आफ्रिकेत, कोणाचं लंडनला. अशा वेळी खानदानात जी शिक्षिका असेल तिला मे महिना मोकळा असतो, हे सगळ्यांना पाठ असतं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ.

निघायच्या आदल्या रात्री अब्बा म्हणाले, "तिथे अथेन्सचे घोडे आहेत. जमलं तर बघून ये."

अब्बा तेव्हा ७९ वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. सत्तरच्या दशकात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी ग्रीसच्या पायरियस बंदरात काही दिवस अडकलं होतं. तिथून अथेन्स जवळ. रत्नागिरीकडचे दोनतीन खलाशी मिळून टेकडीवरचं ते पडकं देऊळ बघायला गेले. अब्बांना त्यातलं एकच पक्कं आठवत होतं : वर सगळा सांगाडा उभा आहे, खांब आहेत, पण खांबांच्या वर जिथे काहीतरी असायला हवं तिथे मोकळी जागा आहे. तिथल्या कोणीतरी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं की वरचं सगळं लंडनला आहे. पन्नास वर्षं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. घर बघितलं, घरातली माणसं नाही बघितली, असं ते म्हणायचे.

बाजी वॉकर घेऊन चालायला लागल्यावर एका मंगळवारी भाचीने मला ब्रिटिश म्युझियमच्या दारात सोडलं. आत जायला पैसे लागत नाहीत, हे ऐकून मला जरा बरं वाटलं आणि जरा रागही आला. दुसऱ्याच्या वस्तू बघायला पैसे घेत नाहीत, एवढी तरी रीत आहे, असा काहीतरी विचार मनात आला. पुढे त्या विचारात थोडी दुरुस्ती करावी लागली.

ज्या दालनात हे सगळं आहे त्याला डुवीन गॅलरी म्हणतात. लांबलचक हॉल, वरून येणारा उजेड, आणि दोन्ही लांब भिंतींवर डोळ्यांच्या उंचीला शिल्पपट्टा. पार्थेनॉन हे अथीना देवीचं देऊळ, इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या पंधरा वर्षांत बांधलेलं. त्याच्या आतल्या भिंतीवर, खांबांच्या मागे, जवळजवळ बारा मीटर उंचीवर हा पट्टा होता. लांबी एकूण १६० मीटर. त्यातला साधारण ७५ मीटर लंडनमध्ये आहे. देवळाच्या कडेने फिरणाऱ्या माणसाला तो मान वर करून, खांबांच्या फटींतून, तुकड्यातुकड्याने दिसत असणार. म्युझियममध्ये तो उलटा करून लावलाय : जे बाहेरच्या बाजूला होतं ते आत वळवलंय. आपण मध्ये उभे राहतो आणि मिरवणूक आपल्याभोवती फिरते. बघायला सोपं आहे. पण गोधडी उलटी केल्यासारखं वाटतं, एवढं खरं.

घोडे मात्र अब्बांनी सांगितल्यापेक्षा शंभर पटीने जिवंत. एकामागे एक, एकमेकांच्या पाठीवर चढल्यासारखे, नाकपुड्या फुगलेले. स्वारांच्या हातांत लगाम नाहीत. नीट बघितलं तर बारीक भोकं दिसतात, तिथे एकेकाळी ब्राँझचे लगाम ठोकलेले होते. ते गेले, भोकं राहिली. आणि हॉलच्या एका टोकाला, एका चौथऱ्यावर, नुसतं घोड्याचं डोकं. चंद्राची देवी सेलीनी रात्रभर रथ हाकून समुद्रात बुडते आहे, तिच्या रथाचा हा घोडा. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, खालचा जबडा चौथऱ्याच्या कडेवरून खाली लोंबतोय. इतका दमलेला प्राणी मी दगडात कधी पाहिला नव्हता. आमच्या गावी पूर्वी घाटावरून मीठ-मिरची घेऊन येणारी तट्टं अशीच धापा टाकत उभी असायची, असं दादी सांगायची.

आणखी एक गोष्ट मी अब्बांना सांगायची म्हणून लक्षात ठेवली. देवळाच्या त्रिकोणी माथ्यावर जे मोठे पुतळे होते, त्यांच्या पाठी बघा. म्युझियममध्ये मागून फिरता येतं. त्या पाठी भिंतीकडे तोंड करून होत्या, एकदा वर चढवल्यावर कोणाला कधीच दिसणार नव्हत्या. तरी कापडाच्या चुण्या मागूनही कोरल्यात. मी वहीच्या मागच्या पानावर चुकीचं शुद्धलेखन लपवणाऱ्या मुलांना शिकवते, त्यामुळे मला हे फार लागलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे देऊळ दोन शतकांहून जास्त काळ मशीद होतं.

मला हे माहीत नव्हतं. बी.एड. झालेलं, वीस वर्षं वर्गात उभं राहिलेलं माणूस, आणि हे कुठेच वाचलेलं नव्हतं. आधी देऊळ, मग काही शतकं मरियमच्या नावाचं चर्च, आणि १४५८ मध्ये उस्मानी तुर्कांनी अथेन्स घेतल्यानंतर काही वर्षांत मशीद. एका कोपऱ्यावर मिनार उभा राहिला. बाकी इमारत तशीच. बाहेरची शिल्पंही तशीच. शिल्पपट्ट्याच्या वर-बाहेर जे चौकोनी शिल्पफलक होते, त्यांतल्या तीन बाजूंच्या बऱ्याच मूर्तींचे चेहरे आधीच छिन्नीने उडवलेले होते. ते काम सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुर्कांनी मशीद केल्यावर मूर्ती पाडायची मोहीम निघाली नाही. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी नावाचा उस्मानी प्रवासी तिथे आला. त्याने या मशिदीचं तोंड भरून कौतुक केलंय आणि बाहेरच्या मूर्तींचंही चवीने, अगदी लांबलचक वर्णन केलंय. तो हाफिज होता, कुराण पाठ असलेला माणूस.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर हे मी नववीच्या वर्गात सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारलं, "मॅडम, मशिदीवर बुत? मग नमाज कशी व्हायची?" मी म्हटलं, आतमध्ये मेहराब, बाहेर घोडे. माणसं आत जाऊन नमाज पढत होती आणि घरी जात होती. सव्वादोनशे वर्षं. तिचं समाधान झालं नाही हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मागून एका मुलाने लगेच विचारलं, "मग तोडली कोणी?"

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण दोन्ही वाक्यं द्यावी लागतात. १६८७ मध्ये व्हेनिसच्या फौजेने अथेन्सला वेढा घातला. तुर्कांनी आपली दारू, म्हणजे बंदुकीची दारू, त्याच मशिदीत भरून ठेवली होती. २६ सप्टेंबरला तोफेचा गोळा आत पडला आणि दोन हजार वर्षं उभी असलेली इमारत मधोमध फुटली. आत आसऱ्याला आलेली बायकापोरं मेली. गोळा त्यांचा, दारू आमची. 'आमची' हा शब्द वर्गात माझ्या तोंडून सहज निघून गेला. त्यावर मी नंतर बराच विचार केला. कोकणातल्या एका मास्तरणीचा अथेन्समधल्या तुर्की शिबंदीशी संबंध तो काय? पण निघाला खरा.

व्हेनिसच्या सेनापतीने जाताना माथ्यावरचे काही पुतळे खाली उतरवून न्यायचा प्रयत्न केला. दोर तुटले, पुतळे खाली पडून चक्काचूर झाले. पुढे तुर्क परत आले आणि त्यांनी पडक्या देवळाच्या पोटात एक छोटी मशीद बांधली. जुन्या चित्रांत ती दिसते, आणि छायाचित्रणाचा शोध लागला त्या १८३९ च्याच सुमारास घेतलेल्या एका फोटोतही आहे. मला ती चित्रं फार आवडतात. कारण ती मशीद देवळाच्या रेषेत नाही, तिरकी उभी आहे. किब्ल्याकडे तोंड करायचं म्हटल्यावर तिरकी होणारच. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर टेकडीवरचं नंतरच्या काळातलं सगळं काढायचं ठरलं. १८४० च्या दशकात ती मशीदही गेली. तिच्यासाठी आज कोणी कुठे मागणी करत नाही. मीही करत नाही. नोंद करून ठेवते, एवढंच.

तर एल्गिन. थॉमस ब्रूस, लॉर्ड एल्गिन, १७९९ पासून इस्तंबूलच्या दरबारात इंग्लंडचा वकील. (नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. याचा मुलगा १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि धरमशाळेत वारला. नातू १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आणि रँडचा खून झाला तेव्हा, व्हाइसरॉय होता.) त्या वेळी फ्रेंचांनी इजिप्तवर स्वारी केलेली होती आणि त्यांना हुसकायला सुलतान तिसरा सलीम याला इंग्रजांची गरज होती. म्हणजे मागून घ्यायला वेळ चांगली होती. एल्गिनची माणसं अथेन्समध्ये शिल्पांची चित्रं काढत आणि साचे घेत होती. १८०१ च्या उन्हाळ्यात त्याच्या पदरच्या हंट नावाच्या पाद्र्याने इस्तंबूलहून एक कागद मिळवला, आणि जुलै संपता संपता पहिला शिल्पफलक देवळावरून खाली आला.

त्या कागदाला जग 'फर्मान' म्हणतं. इथे माझ्यातली उर्दूची शिक्षिका जागी झाली. फर्मान हा शब्द आपण मराठीतही रोज वापरतो, 'सासूबाईंनी फर्मान सोडलं' म्हणतो. पण फर्मान म्हणजे खुद्द बादशहाचा हुकूम, वर त्याचा तुघरा, म्हणजे शाही मुद्रा. हा कागद सुलतानाचा नव्हताच. तो वजीर-ए-आझमच्या गैरहजेरीत काम बघणाऱ्या काइमकामचा होता. काइमकाम म्हणजे आपला 'कायम मकाम', उर्दू वर्तमानपत्रात आजही प्रभारी अधिकाऱ्याला लिहितात तो शब्द. प्रभारी मुख्याध्यापकाच्या सहीने शाळेची इमारत विकता येते का, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

बरं, तो तुर्की कागदही आज नाही. आहे तो त्याचा इटालियन तर्जुमा, जो हंटजवळ होता आणि आता ब्रिटिश म्युझियमच्याच संग्रहात आहे. त्यात मुख्यतः चित्रकारांना टेकडीवर जाऊ द्या, परात्या बांधू द्या, साचे घेऊ द्या, पाया खणू द्या अशी परवानगी आहे. आणि शेवटी शेवटी, जाता जाता, एक गोष्ट येते : लेख आणि आकृत्या असलेले 'काही दगडांचे तुकडे' ते घेऊन गेले तर त्यांना अडवू नये. इटालियनमध्ये शब्द आहे 'क्वाल्के'. भाचीच्या ऑफिसातली एक इटालियन मैत्रीण घरी जेवायला आली होती, तिला मी बिर्याणी वाढता वाढता विचारलं. ती म्हणाली, क्वाल्के म्हणजे थोडे, काही, एखाददुसरे. आणि व्याकरणाने त्याच्यापुढे एकवचन यायला हवं, इथे अनेकवचन लिहिलंय, म्हणजे लिहिणाऱ्याची गडबड दिसते.

१८१६ मध्ये हे सगळं सरकारला विकण्यासाठी एल्गिन पार्लमेंटच्या समितीपुढे उभा राहिला, तेव्हा समितीला या कागदाचा इंग्रजी तर्जुमा देण्यात आला. त्यात 'काही'चं 'कोणतेही' झालं होतं.

मी दरवर्षी आठवीला भाषांतराचा धडा घेते. 'काही' आणि 'कोणतेही' यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवते : टोपलीतले काही आंबे घे. टोपलीतले कोणतेही आंबे घे. मुलं हसतात, कारण दुसऱ्या वाक्यानंतर टोपली रिकामी करायला हरकत नसते. खाली पडलेले तुकडे गोळा करणं वेगळं, आणि परात्या लावून, करवती चालवून, इमारतीवरचे दगड उतरवणं वेगळं. दगड जड म्हणून त्यांच्या पाठी कापून फेकून दिल्या आणि नुसता कोरीव दर्शनी भाग नेला, हेही घडलं. एका जहाजाला, 'मेंटर' त्याचं नाव, १८०२ मध्ये किथेरा बेटाजवळ जलसमाधी मिळाली. पेट्या समुद्रातून वर काढायला पाणबुड्यांना दोन वर्षं लागली. पार्लमेंटने शेवटी ३५,००० पौंडांना सगळं घेतलं, ८२ विरुद्ध ३० मतांनी. एल्गिनचा खर्च याच्या दुपटीहून जास्त झाला होता म्हणे. तिथेही तीस माणसं 'नाही' म्हणणारी होती, हे मला विशेष वाटतं.

आणि एक माणूस अथेन्समध्येही होता. टेकडीवरच्या किल्ल्याचा तुर्की अधिकारी, दिझदार. 'दिझ' म्हणजे किल्ला, म्हणजे आपला किल्लेदार. क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी त्या दिवसांत तिथे होता, त्याने लिहून ठेवलंय. एक फलक उतरवताना आजूबाजूचा संगमरवर धडधडत खाली कोसळला. दिझदाराने तोंडातली चिलीम काढली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एल्गिनच्या मुकादमाला तो ग्रीकमध्ये एकच शब्द बोलला : तेलोस. संपलं, आता पुरे.

ही गोष्ट सांगून थांबले तर मला बरं वाटेल, पण ते अर्धंच होईल. याच दिझदारांना एल्गिनच्या माणसांकडून नजराणे पोचत होते, पैसे पोचत होते. रडला तोही, घेतले तेही. (क्लार्क तरी कुठला साधू. त्यानेही एल्युसिसहून एक प्रचंड मूर्ती गावकऱ्यांचा विरोध मोडून उचलली. ती आज केंब्रिजला आहे.)

दिझदाराच्या गोष्टीपाशी मला आमचे दादा आठवले.

आमच्या घरात एक सनद होती. आदिलशाहीतली. खाडीकाठच्या आमच्या गावच्या मशिदीची खतीबी आणि तिच्यासोबतची थोडी इनाम जमीन आमच्या घराण्याला दिल्याची. वर फारसी, खाली मोडीत मराठी. आदिलशाहीत असे दुहेरी कागद निघायचे. कधीतरी दिव्यावर धरून एक कोपरा जळला होता, भाकरीच्या टोकासारखा. दादांना ती शिकस्ता लिपी वाचता येत नव्हती, पण मजकूर त्यांना त्यांच्या वडलांकडून तोंडपाठ होता, आणि दर ईदेला नमाजीनंतर घरी आल्यावर ते तो म्हणून दाखवायचे. चार दिशांच्या हद्दी, कुठला ओढा, कुठलं आंब्याचं झाड.

१९८७ मध्ये एक पाहुणे आले. मी आठ वर्षांची होते. जुन्या कागदांचे अभ्यासक होते, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन आले होते. दादीने घावन आणि कोलंबीचं सालन केलं होतं, त्यांनी ते आवडीने खाल्लं, हे मला चांगलं आठवतंय. जाताना ते सनद घेऊन गेले आणि मशिदीच्या कौलांसाठी म्हणून दादांच्या हातात दोनशे रुपये ठेवून गेले. दादांनी नको नको म्हणत घेतले. अब्बा तेव्हा जहाजावर होते. अकरा महिन्यांनी घरी आले तेव्हा संदुकीत सनदेच्या जागी एक चिठ्ठी होती. ती अब्बांनी आजपर्यंत आपल्या सीडीसीच्या पाकिटात जपून ठेवलीय. तिच्यावर लिहिलंय : 'आपणाकडून काही जुने कागद अभ्यासासाठी नेले. काम होताच परत करीन.' खाली सही, तारीख.

काही जुने कागद.

ते परत आले नाहीत. दादा गेले. पाहुणेही गेले असं कळलं. संदुकीत बाकी जे कागद होते, खरेदीखतं, दादांच्या वडलांच्या वह्या, ते सगळे २००५ च्या जुलैत खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा लगदा झाले. दादीने तो लगदा चार दिवस पडवीत वाळवला आणि मग चुलीत घातला. म्हणजे सनद घरात असती तर तीही त्याच चुलीत गेली असती. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. ब्रिटिश म्युझियमची बाजू घेणारेही हेच सांगतात : तिथे असतं तर धुराने, युद्धाने, आम्लाच्या पावसाने खाल्लं असतं. आणि ते पूर्ण खोटं नाही. तुर्कांच्या काळात संगमरवर भाजून चुना केला जात होता हेही खोटं नाही. फक्त त्याच म्युझियममध्ये १९३७-३८ मध्ये हे दगड पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासले गेले, आणि वरची मधाच्या रंगाची साय काही ठिकाणी कायमची गेली. सांभाळणाऱ्याच्या हातूनही खराबी होते. पण आमच्या पडवीत लगदा वाळत होता, हे मी विसरू शकत नाही.

पाचेक वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन एका शहरातल्या संग्रहालयात गेले. मुलांना तलवारी बघायच्या होत्या. कोपऱ्यातल्या एका काचपेटीत कागद दिसला आणि आधी मला ओळखीचा वाटला तो जळका कोपरा. मग मोडीतलं गावाचं नाव. लेबलवर : 'आदिलशाही सनद, खासगी संग्रहातून भेट.' मुलं पुढे गेली, मी तिथेच उभी. सोबतच्या सरांना वाटलं मला चक्कर आली.

मी पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, अतिशय सभ्य. वस्तू रीतसर भेट म्हणून नोंदवलेली आहे, आपल्याकडे मालकीचा काही पुरावा असल्यास सादर करावा. मी चिठ्ठीची झेरॉक्स पाठवली. त्यांनी विचारलं, या चिठ्ठीत सनदेचा उल्लेख कुठे आहे? आणि त्यांचं बरोबर होतं. 'काही जुने कागद' यात सनद आहेही आणि नाहीही. लंडनला त्या हॉलमध्ये उभी असताना मला त्या इटालियन शब्दाची गोष्ट अजून माहीत नव्हती. ती नंतर वाचली आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मी परत आले त्याच आठवड्यात, मेच्या अखेरीला, पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीपुढे तुर्कस्तानच्या प्रतिनिधीने सांगितलं की ही खरेदी कायदेशीर ठरवणारा कुठलाही कागद आम्हाला माहीत नाही. दोनशे वर्षांनी मूळ लिहिणाऱ्याच्या घरून निरोप आला. आमच्या पाहुण्यांच्या घरून कोणाचा येणार?

अब्बांना मी मोबाइलवर सगळे घोडे दाखवले. ते बराच वेळ सेलीनीच्या घोड्यावर थांबले, बोटाने मोठा करून बघितला. मग म्हणाले, "अथेन्सला याची जागा मी बघितलीय. कोपऱ्यात आहे." नंतर म्हणाले, "आपला कागद मला एकदा दाखव."

दिवाळीच्या सुट्टीत घेऊन गेले. जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. काचपेटीपुढे उभं राहवेना म्हणून पहारेकऱ्याने स्वतःची खुर्ची आणून दिली. अब्बा बसले, चष्मा पुसला आणि म्हणायला लागले. बिस्मिल्लाहपासून. मला आधी वाटलं वाचतायत. ते वाचत नव्हते, त्यांची नजर कागदावर नव्हतीच. ते दादांचं ईदेचं म्हणणं म्हणत होते, दादांच्याच हेलात. पूर्वेला ओढा, पश्चिमेला खाडी. मी मोडीत बोट फिरवत त्यांच्या मागे मागे जात होते, काचेच्या वरून, न लावता. एका ठिकाणी ते चुकले. दादाच चुकत असणार. सनदेत आंब्याचं झाड नाही, चिंचेचं आहे.

पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. तरुण पोरगा. म्हणाला, "काका, हे काय आहे ते मला सांगा ना. लोक विचारतात, आम्हाला काही सांगता येत नाही." अब्बांनी त्याला सगळं सांगितलं, गावाचं नाव, दादांचं नाव, खतीब म्हणजे काय. त्याने खिशातून तिकिटाचं पुस्तक काढून मागच्या बाजूला लिहून घेतलं. खतीब कसं लिहायचं ते दोनदा विचारलं.

परतताना एसटीत अब्बा म्हणाले, दुसरं पत्र लिही, पण परत मागू नकोस. लेबलवर गाव आणि घराणं घाला म्हणावं. परत आणून ठेवायचं कुठे, त्या घरात? मी म्हटलं, ठेवायचं कुठे हे आपण ठरवू, आधी आपलं आहे हे तर कबूल होऊ दे. अथेन्सवाल्यांनीही आधी टेकडीच्या पायथ्याशी म्युझियम बांधलं, २००९ मध्ये, आणि जे लंडनला आहे तिथे प्लास्टरचे पांढरे साचे लावून ठेवले, पिवळट खऱ्या दगडांच्या शेजारी, सगळ्यांना दिसावं म्हणून. अब्बा म्हणाले, "त्यांच्याकडे डोंगर आहे. आपल्याकडे पडवी."

पत्राचे दोन मसुदे टेबलावर आहेत. एकात 'परत' हा शब्द आहे, एकात नाही. अब्बांची सही दुसऱ्यावर झालेली आहे, माझी अजून कशावरच नाही.